वणवा आणि घारी

ज्ञानगंगा अभयारण्यातल्या सागवानी, पानगळीच्या जंगलात फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचा धोका असतो. धूर दिसला की घारी पळत नाहीत, उलट जमतात. पाल्याखालून नाकतोडे, सरडे, उंदीर जिवाच्या आकांताने बाहेर पडतात. जाळाच्या कडेने घिरट्या घालणारी घार त्यांना पंजात उचलते. नाकतोडा तर ती उडता उडताच खाते. आग विझल्यावरही काळ्या, उघड्या जमिनीवर भक्ष्याला लपायला जागा उरत नाही. ऑस्ट्रेलियात याच जातीची घार जळती काडी उचलून पलीकडच्या गवतात टाकते, असे तिथले आदिवासी सांगत आले आहेत. २०१७ साली त्यावर शोधनिबंधही निघाला. ही चंगळ मात्र सगळ्यांच्या वाट्याची नाही. शिक्रा आणि तिसा या शिकारी पक्ष्यांची वीण उन्हाळ्यातच होते, आणि घरट्यातल्या पिल्लांना आगीपासून उडून जाता येत नाही. जंगलात धूर दिसल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.