नवा कॉम्प्युटर आला, मेल बंद पडली. जुना भंगारात देण्याआधी हे तपासा

नवा कॉम्प्युटर टेबलावर येतो, जुना कोपऱ्यात जातो. विंडोज चालू होते, मराठी टायपिंग होते, प्रिंटही निघते. मग आऊटलुक किंवा थंडरबर्ड उघडतात आणि गाडी तिथंच अडते. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’, ‘पासवर्ड चुकीचा आहे’ अशी पाटी पुन्हा पुन्हा समोर येते. “अहो, पासवर्ड तोच टाकला की, कालपर्यंत चालत होता!” असं म्हणत ऑपरेटर डोकं धरून बसतो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे पतसंस्था, विकास सोसायट्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रं अशा ठिकाणी जुनी यंत्रं बदलायची वेळ आली आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात निर्यातीच्या हंगामात मेल दोन दिवस बंद राहिली तर खरेदीदाराचं पत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, बँकेचा निरोप सगळं अडकतं. बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. पण तो शोधायच्या घाईत काही जण कायमचं नुकसान करून बसतात.

बिघाड कुठं असतो?

मेल मुळात कॉम्प्युटरवर येत नाही. ती आधी मेल कंपनीच्या सर्व्हरवर येते. सर्व्हर म्हणजे पोस्ट ऑफिस समजा. आऊटलुक किंवा थंडरबर्ड हा तिथून टपाल आणणारा आणि तिथं नेऊन टाकणारा माणूस. टपाल आणायच्या दोन पद्धती आहेत, आयमॅप आणि पॉप. पाठवायची पद्धत एकच, एसएमटीपी.

जुन्या कॉम्प्युटरला पोस्टाचा पत्ता, दार क्रमांक, पासवर्ड सगळं पाठ होतं. कुणीतरी पाच-सात वर्षांपूर्वी ते भरून दिलेलं असतं आणि नंतर त्याकडं कुणी बघितलेलं नसतं. नवा कॉम्प्युटर कोरा असतो. त्याला यातलं काही माहीत नाही. शिवाय मधल्या काळात मेल कंपन्यांनी नियम बदलले आहेत.

आधी ब्राउझरमध्ये उघडून बघा

प्रोग्राम बंद करा. क्रोम किंवा एजमध्ये मेल कंपनीच्या साइटवर जा आणि तोच पत्ता, तोच पासवर्ड टाका. या एका तपासणीनं निम्मा गुंता सुटतो.

ब्राउझरमध्ये मेल उघडली, तर खातं आणि पासवर्ड ठीक आहे. दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे. ब्राउझरमध्येही उघडली नाही, तर आऊटलुकशी झटापट करून उपयोग नाही, आधी पासवर्ड परत मिळवावा लागेल. जीमेल असेल तर तिथंच जागा किती शिल्लक आहे तेही बघा. मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि त्यात ड्राइव्ह व फोटोही धरतात. जागा भरली की नवीन मेल यायची थांबते आणि लोक दोष नव्या कॉम्प्युटरला देतात.

पासवर्ड बरोबर, तरी नकार

सगळ्यात जास्त लोक इथं अडकतात. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांवर, नुसता पत्ता आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही आऊटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. म्हणून जुन्या आवृत्तीचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर टाकला की पासवर्ड अचूक असूनही नकार मिळतो. पाटीवर ५३५ हा आकडा दिसला तर पाठवणाऱ्या सर्व्हरनं ओळख नाकारली असं समजा.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्यायची. खातं जोडताना त्यात गुगल किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं. तिथं परवानगी दिली की झालं. थंडरबर्डमध्ये ओळख पटवण्याच्या पद्धतीत ‘ओऑथ २’ निवडावं लागतं.

दुसरा उपाय जीमेलसाठी आहे, ॲप पासवर्डचा. गुगल खात्यात आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग ॲप पासवर्ड तयार करायचा. सोळा अक्षरं मिळतात. आऊटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी तीच टाकायची. पुढं कधी मुख्य पासवर्ड बदलला तर हा ॲप पासवर्ड रद्द होतो आणि नवा काढावा लागतो.

इथंच गावाकडच्या संस्थांची खरी अडचण समोर येते. पडताळणीचा निरोप ज्या मोबाइलवर जातो तो नंबर कुणाचा? अनेकदा खातं उघडून देणाऱ्या जुन्या ऑपरेटरचा किंवा आधीच्या सचिवाचा. तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो किंवा ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. जुन्या कॉम्प्युटरवर खातं आधीपासून उघडं होतं म्हणून हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. जुन्या यंत्रावर ब्राउझरमध्ये खातं अजून उघडं असेल तर तिथून लॉगआऊट करू नका. आधी सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन संस्थेचा चालू नंबर भरून घ्या. तिथंही पडताळणी मागितली तर जुन्या माणसाला फोन लावून समोरासमोर काम उरकून घ्या.

सर्व्हरचं नाव आणि पोर्ट

ओळख पटते, पण ‘सर्व्हर सापडत नाही’ किंवा ‘वेळ संपली’ असं येत असेल तर भरलेली माहिती तपासा. जीमेलसाठी मेल आणणाऱ्या सर्व्हरचं नाव ‘आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम’ आणि पोर्ट ९९३. पाठवणाऱ्याचं नाव ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’ आणि पोर्ट ४६५ किंवा ५८७. ४६५ ला एसएसएल, ५८७ ला टीएलएस निवडायचं. पॉप वापरत असाल तर पोर्ट ९९५. ही नावं अर्थातच इंग्रजी अक्षरात भरायची. एक टिंब चुकलं किंवा शेवटी मोकळी जागा राहिली तरी दार सापडत नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर ११०, १४३ किंवा २५ हे आकडे दिसले तर ते तसेच उतरवून घेऊ नका. ते जुन्या, बिनकुलपाच्या पद्धतीचे पोर्ट आहेत. आज पुष्कळ ठिकाणी ते बंद असतात. २५ क्रमांक तर इंटरनेट कंपन्याच अडवून ठेवतात. संस्थेचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा असेल तर सर्व्हरची दोन नावं, पोर्ट आणि कुलपाचा प्रकार ज्यानं वेबसाइट करून दिली त्याच्याकडून लेखी घ्या. अंदाजानं भरू नका.

मेल येते, पण जात नाही

आणायचं आणि पाठवायचं ही दोन वेगळी कामं आहेत हे इथं कळतं. पाठवताना ५५० आकडा आणि ‘रिले’ असा शब्द आला तर पाठवणाऱ्या सर्व्हरला तुमची ओळखच दिलेली नाही. आऊटलुकमध्ये ‘मोअर सेटिंग्ज’मधल्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ या भागात ओळख देण्याच्या चौकटीवर खूण करा. नवीन खातं हातानं भरताना ही खूण हमखास राहून जाते.

तारीख, अँटिव्हायरस आणि नेट

खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सेकंडहँड घेतलेल्या किंवा बरेच दिवस पडून राहिलेल्या यंत्रात तारीख मागची असते किंवा दुसऱ्याच देशाची वेळ लावलेली असते. सर्व्हर आपली ओळख सांगायला जे प्रमाणपत्र दाखवतो त्याला मुदत असते. तारीख चुकीची असली की कॉम्प्युटर ते खोटं समजतो. वीज गेली की दरवेळी तारीख मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलून घ्या.

नव्या कॉम्प्युटरबरोबर आलेलं अँटिव्हायरस मेल तपासायला मध्ये बसतं आणि कधी कधी वाटच अडवतं. त्यातलं मेल तपासणीचं बटण तेवढं थोड्या वेळासाठी बंद करून बघा. पूर्ण अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नाही.

तरी जमत नसेल तर ऑफिसचं नेट बाजूला ठेवा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. हॉटस्पॉटवर मेल आली तर दोष राउटरमध्ये किंवा नेट कंपनीकडं आहे. तिथून पुढं त्यांना विचारायचं.

जुनी पत्रं कुठं गेली?

खातं आयमॅप पद्धतीनं जोडलेलं असेल तर काळजी नाही. पत्रं सर्व्हरवरच असतात, नव्या कॉम्प्युटरवर हळूहळू उतरतात. पॉप असेल तर गोष्ट वेगळी. पॉप सर्व्हरवरून पत्र उचलतं आणि सेटिंगप्रमाणं सर्व्हरवरची प्रत लगेच किंवा काही दिवसांनी काढून टाकतं. म्हणजे पाच वर्षांची बिलं, करारपत्रं, नोटिसा फक्त त्या कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रातच असू शकतात. भंगारवाल्याला दिलं की गेलं.

आऊटलुकमध्ये ही पत्रं ‘पीएसटी’ नावाच्या फाईलमध्ये असतात. बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आऊटलुक फाइल्स’ या फोल्डरात ती सापडते. आऊटलुक बंद करून ती पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या यंत्रावर आधी हार्ड डिस्कवर उतरवा आणि मग फाईल, ‘ओपन अँड एक्सपोर्ट’ या मार्गानं उघडा. थंडरबर्ड असेल तर त्याचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलायचा. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून तो थेट उघडता येतो. नव्या विंडोजबरोबर आपोआप येणारं आऊटलुक आणि ऑफिससोबत मिळणारं जुनं आऊटलुक हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. वरची पद्धत ऑफिसमधल्या आऊटलुकची आहे.

जुना कॉम्प्युटर चालूच होत नसला तरी आशा सोडू नका. हार्ड डिस्क काढून यूएसबी केबलनं दुसऱ्या यंत्राला जोडता येते. दुरुस्तीवाल्याला तेवढं काम सांगा आणि तो करताना समोर बसा.

आणखी एक. पॉप असताना जुनं आणि नवं यंत्र एकाच वेळी चालू ठेवलं तर जे आधी पोहोचेल ते पत्र उचलतं. अर्धी मेल इकडं, अर्धी तिकडं. म्हणून काम होईपर्यंत जुन्या यंत्रावरचा मेल प्रोग्राम बंद ठेवा.

फोनवरच्या ‘मदतनिसा’पासून सावध

घाईत नेटवर मदतीचा नंबर शोधला जातो आणि तिथंच फसवणूक होते. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन बघण्याचं ॲप टाकायला सांगतो, मग ओटीपी मागतो. मेलचा ताबा गेला की त्या मेलवर चालणारे बाकीचे पासवर्डही बदलता येतात. मेल दुरुस्त करायला बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.

काम झालं हे कसं ओळखायचं?

नव्या कॉम्प्युटरवरून स्वतःच्याच पत्त्यावर एक मेल पाठवा. ती गेली आणि परत आली म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. मग दोन-तीन वर्षांपूर्वीचं एखादं पत्र शोधून, जोडलेली फाईल उघडून बघा. तेही उघडलं की जुन्या यंत्राचं काय करायचं ते ठरवा. तोवर महिनाभर ते तसंच राहू द्या.

आणि एक वही करा. सर्व्हरची नावं, पोर्ट, पद्धत आयमॅप की पॉप, खात्याला जोडलेला मोबाइल कुणाचा, पीएसटी फाईल कुठं, एवढं लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड वेगळ्या पाकिटात. संस्था असेल तर खात्याला नंबर संस्थेचाच राहील असा ठराव मासिक सभेत घ्या. ऑपरेटर बदलतील, सचिव बदलतील, कॉम्प्युटरही पुन्हा बदलेल. तेव्हा कुणाला पुण्याला फोन लावत बसायची वेळ येणार नाही.