सौर रोड स्टड : रस्त्याची सुरक्षितता आणि शेताचे हित

ऊस, कापूस, सोयाबीन किंवा भाजीपाला, शेतमालाची वाहतूक बहुतांशी रात्री किंवा पहाटे होते. ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी, सायकल आणि भरधाव ट्रक एकाच अरुंद रस्त्यावर येतात. रस्त्याची कडा, वळण आणि पूल वेळेवर न दिसणे हे अशा रस्त्यांवरील अपघातांचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्यावर तुलनेने सोपा उपाय म्हणजे सौर रोड स्टड.

रस्त्यावर बसविलेले परावर्तक आपल्या परिचयाचे आहेत; बोलीत त्यांना ‘कॅट्स आय’ म्हणतात. इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. परावर्तकाला स्वतःचा प्रकाश नसतो. वाहनाच्या दिव्याचा झोत त्यावर पडला तरच तो चमकतो. सौर स्टडमध्ये मात्र छोटे सौर पॅनेल, बॅटरी, प्रकाश-संवेदक आणि एलईडी असतात. दिवसा बॅटरी भारित होते आणि अंधार पडताच संवेदक एलईडी सुरू करतो. वीजजोडणी व तारा लागत नाहीत.

सुरक्षिततेचा हिशेब

ताशी ६० किमी वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद धरले, तर तेवढ्यातच ४० मीटरहून अधिक अंतर सरते. म्हणून भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत या वेगासाठी थांबण्याचे सुरक्षित दृष्टी-अंतर ८० मीटर, तर ताशी ८० किमी वेगासाठी १२० मीटर धरले आहे. दिव्याचा खालचा झोत साधारणतः ५० मीटरच्या आसपासचा रस्ता नीट उजळतो. उरलेल्या अंतरात रस्ता कोणत्या दिशेने वळतो, हे स्वयंप्रकाशित स्टडची ओळ आधीच सांगते.

धुक्यात हा फरक अधिक जाणवतो. परावर्तकाचा प्रकाश धुक्यातून जाऊन परत यावा लागतो. स्टडच्या प्रकाशाला एकदाच धुके पार करावे लागते. डिसेंबर-जानेवारीत पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशातील दाट धुक्यात ही बाब मोलाची ठरते. शिवाय पादचारी, सायकलस्वार आणि बैलगाडीवान यांच्याकडे प्रखर दिवा नसतो. परावर्तक त्यांना फारसा उपयोगी नाही. स्टड मात्र त्यांनाही रस्त्याची कडा दाखवतो.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने

रस्त्यावरील प्रकाशाचा प्रश्न शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो. बहुतेक कीटकांचे डोळे अतिनील, निळ्या व हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतात. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा अंश मोठा असल्याने उंच खांबावरील प्रखर पांढऱ्या दिव्यांकडे पतंग मोठ्या संख्येने ओढले जातात. त्यांत खोडकिडा व घाटेअळीचे पतंग असतात, तसेच उपयुक्त कीटकही. काजव्यांचे प्रकाशसंकेत अशा उजेडात फिके पडतात आणि त्यांच्या मीलनात अडथळा येतो. सोयाबीन हे लघुदिवसी पीक असल्याने पथदिव्यालगतची झाडे उशिरा फुलतात व कापणीच्या वेळीही हिरवी राहतात.

स्टडचा प्रकाश मंद असून तो जमिनीलगत, वाहनचालकाच्या दिशेने पडतो. त्यामुळे जिथे केवळ रस्त्याची कडा दाखवायची आहे, तिथे पथदिव्यांच्या रांगेऐवजी स्टड बसविणे शेतीच्या दृष्टीनेही हितावह आहे. पिवळ्या-अंबर प्रकाशाकडे कीटक तुलनेने कमी आकर्षित होतात. तथापि स्टडचा रंग हा वाहनचालकासाठी संकेत असतो. तो कीटकांचा विचार करून परस्पर बदलू नये, रस्ते विभागाच्या मानकांनुसारच ठेवावा. बसथांबा, बाजार व वस्तीजवळ मात्र माणसे दिसण्यासाठी पथदिवे आवश्यकच आहेत.

मर्यादा व काळजी

- चिखलाच्या चाकांनी आलेली माती पॅनेलवर साचली की बॅटरी पुरेशी भारित होत नाही. पेरणी, चिखलणी व ऊसतोडणीच्या हंगामात स्टड पुसून घ्यावेत.
- दाट झाडांच्या सावलीत स्टड बसवू नयेत. उंच वाढलेल्या उसाची सावली पडते का, तेही पाहावे.
- लोखंडी केज व्हील लावून ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नये. त्याने स्टड फुटतात आणि डांबरही उखडते.
- सलग ढगाळ दिवसांत प्रकाश कमी होतो. म्हणून परावर्तक भाग असलेलेच स्टड निवडावेत.
- बॅटरीचे आयुष्य मर्यादित असते. खरेदीच्या करारातच देखभाल व बदलीची तरतूद असावी.

स्टड रस्ता दाखवतो, रस्त्यावर उभी असलेली ट्रॉली नाही. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी व चालू स्थितीतील दिवा असणे तितकेच आवश्यक आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व बैठकीत कीड-व्यवस्थापनासोबत हा विषयही घ्यावा. गावातील धोक्याची वळणे, अरुंद पूल आणि मुख्य रस्त्याला मिळणारे शेतरस्ते यांची यादी करून ती ग्रामसभेच्या ठरावासह संबंधित रस्ते विभागाकडे पाठवावी. ऊसतोडणी सुरू होण्यापूर्वी हे काम झाले, तर त्याच हंगामात त्याचा लाभ मिळेल.