पाळलेला मासा नदीत सुटतो तेव्हा

नदीत मासे वाढले की मच्छीमारानं खूश व्हावं, अशी आपली साधी समजूत. पण अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात गेली काही दशकं मासे वाढले म्हणूनच मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि सरकार काळजीत आहेत. तिथल्या इलिनॉय नदीत मोटरबोट सुरू झाली, की तिच्या आवाजानं बिथरलेले चंदेरी मासे आठ-आठ, दहा-दहा फूट उंच उसळतात. बोटीतल्या माणसांवर येऊन आपटतात. कुणाचं नाक फुटतं, कुणाचा जबडा दुखावतो.

हा मासा आपल्याला परका नाही. इंग्रजीत त्याला सिल्व्हर कार्प म्हणतात. आपले मत्स्यशेतकरी त्याला चंदेरा म्हणतात. त्याचा भाऊबंद ग्रास कार्प म्हणजे आपला गवत्या. १९५९ साली चंदेरा जपानमधून आणि गवत्या हाँगकाँगमधून भारतात आणला गेला. पुढे कटला, रोहू, मृगळ या आपल्या तीन माशांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे तीन पाहुणे एकाच तळ्यात वाढवण्याची पद्धत रुजली. तीच मिश्र मत्स्यशेती. कुणी पाण्याच्या वरच्या थरात खातो, कुणी मधल्या, कुणी तळाशी. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, तर चंदेरा पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ कल्ल्यांनी गाळून खातो. एका तळ्यात सहा बिऱ्हाडं आणि सहा चुली, असा हा संसार.

अमेरिकेतही हेतू वाईट नव्हता. गवत्या तिथं १९६३ साली गेला. चंदेरा आणि त्याचा मोठ्या डोक्याचा भाऊ बिगहेड १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अर्कान्सास राज्यात पोचले. रसायनं न टाकता तळी आणि सांडपाण्याची डबकी या माशांकडून साफ करून घ्यायची होती. गोगलगायी खाणारा चौथा भाऊ, ब्लॅक कार्प, हाही आला. मग काही मासे तळ्यांतून निसटले आणि १९८०च्या दशकापर्यंत नद्यांत सापडू लागले.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चंदेऱ्याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत जाता जाता फुटतात. त्यांना लांबलचक वाहती नदी लागते. म्हणून तळ्यात हा मासा वाढतो, पण आपोआप वंश वाढवत नाही. संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन, हॅचरीत त्याचं बीज तयार करावं लागतं. म्हणजे तळ्यात त्याच्या वंशाची किल्ली माणसाच्या हातात असते. नदीत पडला, की ती किल्ली माशाच्या हाती जाते. एकेक मादी लाखांनी अंडी घालते. या माशाला जठर नसतं, त्यामुळे तो जवळजवळ अखंड खात राहतो. आणि तो खातो ते सूक्ष्म अन्न म्हणजे नदीतल्या बहुतेक माशांच्या पिलांचा पहिला घास असतो. इलिनॉय नदीत काही स्थानिक मासे यामुळे रोडावल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

पुढची भीती आणखी मोठी आहे. १९०० साली शिकागोत एक कालवा खुला झाला. त्यानं मिसिसिपीचं खोरं उत्तरेकडच्या विशाल सरोवरांना जोडलं. त्या सरोवरांतल्या मासेमारीवर अब्जावधी डॉलरची उलाढाल चालते. मासा तिथं पोचू नये म्हणून २००२पासून त्या कालव्यात विजेचा अडसर आहे. आता जोलिएटजवळ वीज, आवाज आणि बुडबुडे यांचा आणखी एक बंदोबस्त उभारण्याची योजना आहे. तिचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर जातो. मूठभर मासे निसटले, त्याची ही किंमत.

मग साधा प्रश्न येतो : एवढे मासे आहेत, तर खाऊन का टाकत नाहीत? मांस पांढरं, चवीला सौम्य. अन्नसाखळीत खालच्या पायरीवर खाणारा मासा असल्यानं त्यात पाराही कमी. अडचण दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे मांसात रुतलेले दुतोंडी काटे. त्यावर उपाय आहे. जवळजवळ चिरा देऊन कडक तळलं की बारीक काटे कुरकुरीत होतात, नाहीतर सरळ खिमा करायचा. दुसरी अडचण नावाची. कार्प म्हटलं की अमेरिकन माणसाला गढूळ पाण्यातला, चिखलाच्या वासाचा मासा आठवतो. म्हणून इलिनॉय राज्यानं २०२२ साली त्याचं नवं बारसं केलं. ‘विपुल’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून नाव ठेवलं ‘कोपी’.

नावाची आणखी एक गोष्ट आहे, आणि शब्दांशी रोज झगडणाऱ्या माणसाला ती महत्त्वाची वाटते. या माशांना सरसकट ‘एशियन कार्प’ म्हणत. त्यांना ‘मारा’, ‘हाकला’ असं लिहिलेलं वाचून तिथल्या आशियाई वंशाच्या माणसांना काय वाटत असेल? मिनेसोटा राज्यानं २०१४ साली सरकारी व्यवहारातून ते नाव काढलं. पुढे इतरांनीही ‘आक्रमक कार्प’ म्हणायला सुरुवात केली. हे योग्यच झालं. माशाचा दोष त्याच्या जन्मभूमीत नाही. त्याला उचलून आणणारे आणि कुंपणाकडे दुर्लक्ष करणारे हात माणसाचेच होते.

खाण्यानं फरक पडतो का? पडतो, पण जाळं कुठं टाकता यावर. इलिनॉय सरकार २०१०पासून नदीच्या वरच्या भागात, सरोवरांच्या बाजूला, मच्छीमारांना पैसे देऊन हे मासे काढून घेतं. त्या टोकाला मोठ्या माशांची संख्या खूपच घटली आहे. खालच्या भागात मात्र मासा अमाप आणि भाव पौंडाला काही सेंट. अशा भावात वाहतुकीचा खर्चही निघणं अवघड, म्हणून तिथं सरकारला पदरचे पैसे घालावे लागतात.

समजा, उद्या भाव वाढला. तेव्हा खरी परीक्षा सुरू होईल. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं उदाहरण बघा. १९५०च्या दशकात तिथं नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. त्यानं स्थानिक माशांच्या कितीतरी जाती संपवल्या. पण त्याच्यावर निर्यातीचे कारखाने उभे राहिले, हजारो चुली पेटल्या. मग त्याच माशाची लहान पिलं पकडू नका, असे नियम आले. ज्याला संपवायचं, त्याच्यावरच पोट अवलंबून राहिलं, की माणूस त्याला राखू लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की नदीत घुसलेला मासा जरूर खावा, भरपूर खावा. पण ते काम सफाईचं आहे, पिकाचं नाही. आणि जिथं तो नदीत घुसून उपद्रव करतो आहे, तिथं त्याचं प्रजननक्षम बीज पाळू नये. अमेरिकेनं २००७मध्ये चंदेरा आणि ब्लॅक कार्प, २०१०मध्ये बिगहेड उपद्रवी ठरवून ते जिवंत देशात आणण्यावर बंदी घातली. तण खाण्यासाठी गवत्या हवाच असेल, तर अनेक राज्यांत तपासून घेतलेला वांझ गवत्याच सोडू देतात.

यात आपल्यासाठीही धडा आहे. १९७१ साली पुराच्या पाण्यात एका मत्स्यबीज केंद्रातले चंदेरे सतलजवरच्या गोविंदसागर जलाशयात गेले. पुढे तिथं मासळीचं उत्पादन वाढलं, पण त्याच पाण्यात वाढणारा आपला कटला मागे पडला. आपल्या उजनीत चिलापीची तीच तऱ्हा. भिगवणच्या बाजारात तिला गिऱ्हाईक आहे, अनेकांचं घर तिच्यावर चालतं, आणि तिला आता कुणी हाकलू शकत नाही. शेततळ्यातला चंदेरा मात्र अजून आपल्या हातात आहे. सांडव्याला बारीक जाळी लावावी. पूररेषेत तळं खोदू नये. उरलेलं बीज ओढ्यात ओतू नये. काम दहा मिनिटांचं असतं, चूक पिढ्यांची ठरते.

चिनी लोक या चौघांना मिळून ‘चार घरचे मासे’ म्हणतात. त्यांचं माहेर असलेल्या यांगत्से नदीत आज त्यांचीच जंगली संख्या रोडावली आहे. बेसुमार मासेमारी आणि धरणं यांनी ही वेळ आणली. १ जानेवारी २०२१पासून चीननं त्या नदीत दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू केली आहे. मासा तोच. एका नदीत तो नको झाला आहे, दुसऱ्या नदीत त्याची वाट पाहिली जाते आहे. दोन्हीकडे हिशेब चुकला तो माणसाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)