निळ्या झाकणाची नळी

मूल रांगू लागताच अंगावर काळेनिळे डाग उठतात, गुडघा सुजतो, दात पडल्यावर रक्त थांबता थांबत नाही. अशा वेळी हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची, शंका घ्यावी. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठून मुलाला दाखवावे.

रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पहिल्या तपासण्या दोन: पीटी आणि एपीटीटी. हिमोफिलियात पीटी ठीक येते, एपीटीटी लांबते. सौम्य आजारात मात्र तीही ठीक येऊ शकते, म्हणून शंका पक्की असेल तर रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची पातळी मोजायलाच हवी. आठवा फॅक्टर कमी असल्यास हिमोफिलिया ए, नववा असल्यास बी. १ टक्क्याहून कमी म्हणजे गंभीर. आठवा फॅक्टर व्हॉन विलेब्रँड आजारातही घटतो. हा आजार मुलींनाही होतो, म्हणून पाळीतला अतिस्राव अंगावर काढू नये.

निदान बिघडते ते बरेचदा नमुना घेतानाच. सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट हे प्रमाण साधलेच पाहिजे. नळी अर्धवट भरली की एपीटीटी खोटीच लांबते. एपीटीटी चार तासांत व्हावी. मराठवाड्याच्या उन्हात नमुना तापू देऊ नये. लांब पाठवायचा तर प्लाझ्मा वेगळा करून गोठवूनच.

निदान होईपर्यंत ॲस्पिरिन आणि स्नायूतील इंजेक्शन टाळा.