उरलंसुरलं – लेखांक ६ : चिंध्या उदंड, जुनेर महाग

सोलापुरात वाकळीचा विषय निघाला की बोलणं आधी कातरणावर येतं, आणि ते साहजिक आहे. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून हे शहर कापडावर जगत आलं. गिरण्या गेल्या, यंत्रमागावरची चादर आणि टॉवेल राहिले, दोघांना भौगोलिक मानांकनही मिळालं. अलीकडे तर शाळांचे गणवेश शिवणारं गाव अशीही सोलापूरची ओळख झाली आहे. कापडाचे थरावर थर अंथरून एकदम कापताना कितीही जपलं तरी सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा टक्के कापड वाया जातं. तेव्हा एवढ्या चिंध्या आहेत, तर घरोघरी दोन-चार वाकळी जास्तीच्या का होऊ नयेत, असं कुणीही विचारील. माझं म्हणणं असं, की हा हिशेब उलट्या टोकाने मांडला जातो. वाकळ अडते ती चिंध्यांवाचून नाही, जुनेरावाचून. नवं कातरण पोत्याने मिळतं. वापरून मऊ झालेलं सुती कापड मात्र घरांतून नाहीसं होत चाललं आहे, आणि वाकळीचं अंग त्याचंच असतं.

अंग म्हणजे काय ते मोजून पाहू. नऊवारी सुती लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. दोन-दोन मीटरवर घड्या घातल्या की चार थर होतात, आणि पन्हा एका माणसाला पुरतो. म्हणजे एका लुगड्यात एका वाकळीचा गाभा निघतो, तोही कुठे जोड न देता. वर ठिगळं लावायची ती नंतर. शेकडो धुण्यांनी त्या कापडातली खळ गेलेली असते, जेवढं आटायचं तेवढं ते आटून झालेलं असतं, आणि धागा इतका सैल पडलेला असतो की चार-पाच थरांतूनही सुई अडखळत नाही. धावदोऱ्याच्या ओळी बोटाच्या अंतरावर घालत जाणं जमतं ते यामुळेच. आजीच्या वाकळीच्या मऊपणाचं श्रेय लोक तिच्या मायेला देतात. माया असेलच, पण त्यात धोब्याच्या दगडाचाही मोठा वाटा आहे.

आता गणवेशाचं कातरण हातात घेऊन पाहा. मुंढ्याच्या नि गळ्याच्या गोलाईतून निघालेला तुकडा हातभरही नसतो, आणि त्याची एक कड हमखास उरेब असते. उरेब कड ताणली जाते. असे तुकडे नुसते एकमेकांना जोडत गेलं तर चौकोन चौकोन राहत नाही, मधे झोळ पडतो. दुसरी गोष्ट धाग्याची. गणवेशाचं कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर-मिश्र असतं. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. अंगाचा घाम टिपायचा तर हा फरक फार मोठा आहे. त्यात मिश्र कापड आटत नाही आणि कोरं सुती कापड आटतं. दोन्ही एका वाकळीत आली की पहिल्याच धुण्यात फुगे येतात, आणि ते इस्त्रीने जात नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड इथल्या बायकांसमोरही असाच गिरणीमालाचा प्रश्न आला होता. तिथल्या सहकारी संस्थेने १९७२ मध्ये सिअर्स या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम घेतलं आणि उरलेले तुकडे घराघरांत गेले. जाड कॉर्डरॉयमध्ये बारीक टाके चालेनात, म्हणून त्यांनी मोठे पट्टे आणि ठसठशीत चौकोन योजले. पुढे त्यांच्या गोधड्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी मालाचा स्वभाव आधी ओळखला आणि नक्षी मागून ठरवली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : चादरीच्या गावात वाकळ हवीच कशाला, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तिथे पांघरणार कोण? पण वाकळ जेवढी पांघरायची, तेवढीच अंथरायची असते. सोलापुरी चादर दणकट असली तरी एकेरी. फरशीवर तिच्या एकटीने पाठ सुटत नाही. शिवाय जास्तीच्या अंथरुणाची गरज रोजची नसून प्रसंगाची असते. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तीही नेमकी थंडीत, आणि घरात पाहुणे उतरतात. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. त्यांत यंत्रमाग कामगार आहेत, विडी कामगार आहेत, कचरावेचकही आहेत. अशा लहान घरात पाहुण्यासाठी वेगळी खाट मांडायला जागा नसते. घडी घालून घडवंचीवर चळत रचता येते ती वाकळींचीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कातरण पानिपतला पाठवा, तिथे जुन्या कपड्यांचे धागे करून ब्लँकेटं विणतात. घरी सुई घेऊन बसायचं कशाला? मोठ्या ढिगाला ते उत्तर रास्तच आहे, जरी पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि मिश्र धागा वेगळा करणं अवघड जातं. पण त्यामागची वेळेची तक्रार मला पूर्ण पटते. विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, आणि हाताने वाकळ शिवायला लागणारे तास त्याच हातांचे असतात. चिंध्या फुकट मिळाल्या म्हणून वाकळ फुकट होत नाही. म्हणूनच हातातली वेळ चुकीच्या कापडावर घालवू नये. चार रंगीत पोती आणून, ती संपवायची म्हणून शिवत बसणं हा कातरण टाकणाऱ्याचा फायदा आहे, शिवणारीचा नाही.

मग जुनेर आणायचं कुठून, कारण लुगडी तर गेली आणि रोजच्या साड्या सिंथेटिक झाल्या? काही जण मांजरपाट सुचवतात. चालतो, पण शिवण्यापूर्वी दोनदा गरम पाण्यातून काढलेला, आणि त्याला पैसे पडतात. सोलापूरकरांकडे त्याहून जवळचा माल आहे : मधोमध विरलेली जुनी चादर. ती सुती असते, आटून झालेली असते, आणि एकच थर दोन धोतरांचं काम करतो. अट एवढीच, की एका वाकळीत एकच घालावी. दोन घातल्या तर दाभणाखेरीज काही आत जात नाही आणि ओली वाकळ दोघींना मिळूनही पिळवत नाही. टॉवेलचे तुकडेही याच कारणाने आत नकोत. त्यांचे फासे पाणी धरून बसतात आणि पावसाळ्यात कुबट वास सुटतो. कातरणाला राहते ती वरची बाजू, तीही अंगाला न लागणारी. तुकडे आधी एकमेकांना न जोडता थेट गाभ्यावर मांडावेत, कडा आत मुडपाव्यात आणि टाका सगळ्या थरांतून आरपार घ्यावा, म्हणजे उरेब कडेला ताणायला वाव राहत नाही. कापडाबद्दल शंका असेल तर एक धागा ओढून जाळून बघावा : सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

वाकळी किती शिवायच्या हे त्यामुळे पोत्यांवरून ठरत नाही. घरात विरलेल्या चादरी, धोतरं, सुती साड्या किती, यावरून ठरतं. आणि इथे खरी स्पर्धा बोहारणीशी आहे. स्टीलच्या पातेल्यासाठी गाठोडं सोडलं की भाव वाढवायला सुती कापडही सिंथेटिकबरोबर सर्रास जातं. सिंथेटिक साड्या आणि पँटी तिला खुशाल द्याव्यात. सुती तेवढं काढून ठेवावं, पातेलं एक नंबर लहान मिळालं तरी.