‘आपली कृपा बोलो’

स्पॅनिश शिकवणाऱ्या पुस्तकांत आज्ञार्थाच्या धड्यात एक युक्ती हमखास सापडते. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. मित्राला ‘बोल’ म्हणायचे तर ‘तो बोलतो’ याचेच रूप उचलायचे: ‘आब्ला’. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘बोला’ म्हणायचे तर शेवटचा स्वर बदलायचा: ‘आब्ले’. ‘कोमेर’, म्हणजे खाणे, याचे नेमके उलट. मित्राला ‘कोमे’, मोठ्यांना ‘कोमा’. ‘एस्क्रिबीर’, म्हणजे लिहिणे, हेही ‘कोमेर’च्याच वाटेने जाते: ‘एस्क्रिबे’, ‘एस्क्रिबा’. नियमित क्रियापदांना ही युक्ती बिनचूक लागू पडते, म्हणून विद्यार्थी ती पाठ करतो आणि समजतो की एकाच आज्ञेला साधा आणि आदराचा असे दोन प्रत्यय आहेत. माझ्या मते ही समजूत मुळातच चुकीची आहे. पहिले रूप आज्ञा आहे, दुसरे इच्छा आहे. आणि हा भेद ओळखायला मराठी माणसाला परकी भाषा शिकण्याचीही गरज नाही.

आपण ‘कर’ म्हणतो तेव्हा समोरच्याला सांगतो. ‘देव तुमचे भले करो’ म्हणतो तेव्हा तिसऱ्या कोणाबद्दल इच्छा व्यक्त करतो. स्पॅनिशमधला आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. मोठ्या माणसाला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेला उद्देशून बोलायचे, अशी ती रीत होती. कृपा व्याकरणात तृतीय पुरुषी, आणि तृतीय पुरुषाला थेट आज्ञा करता येत नाही, तेव्हा उरली इच्छा: ‘आपली कृपा बोलो’. ‘आब्ले’ हे रूप त्या इच्छेचे आहे. बदललेला स्वर ही आदराची खूण नव्हेच. लॅटिनपासून चालत आलेली ती इच्छार्थाची खूण आहे. ‘आब्ला’ मात्र अस्सल आज्ञा. ती ‘तो बोलतो’सारखी दिसते, हा निव्वळ योगायोग. लॅटिनमध्ये ‘प्रेम कर’ला ‘आमा’ आणि ‘तो प्रेम करतो’ला ‘आमात’ म्हणत. स्पॅनिशमध्ये शेवटचा ‘त’ गळाला आणि दोन्ही रूपे एक झाली.

यावर कोणी म्हणेल, युक्तीने काम भागते तर एवढा इतिहास कशाला? त्याचे उत्तर ‘नो’ हा शब्द देतो. नकार आला की मित्रासाठीसुद्धा ‘आब्ला’ चालत नाही. ‘बोलू नकोस’ म्हणायला ‘नो आब्लेस’ म्हणावे लागते, म्हणजे आदराचा समजलेला तोच ‘ए’ इथे जिवलग मित्रालाही लागतो. प्रत्यय आदराचा मानला तर याचा उलगडाच होत नाही. स्पॅनिशमधली अस्सल आज्ञा नकार पेलत नाही, तिथे इच्छार्थच धावून येतो, एवढे कळले की ‘नो आब्लेस’ वेगळे पाठ करावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लॅटिन अमेरिकेत आई आपल्या दोन लेकरांना ‘खा’ म्हणताना ‘कोमान’ म्हणते, आणि ते ‘उस्तेदेस’ या अनेकवचनाचे रूप आहे. मग इथे इच्छा कुठे, अदब कुठे? ऐकणाऱ्याला आज ती जाणवत नाही, हे कबूलच करायला हवे. स्पेनमध्ये मुलांना ‘बोसोत्रोस’, म्हणजे जवळच्यांसाठीचे ‘तुम्ही’, याची अस्सल आज्ञा मिळते: ‘कोमेद’. अटलांटिकपलीकडे ‘बोसोत्रोस’ रोजच्या बोलण्यातून गेला आणि त्याची जागा ‘उस्तेदेस’ने घेतली. अर्थातली अदब विरली, तरी रूप तसेच राहिले. मराठीत ‘चालते व्हा’ म्हणून एखाद्याला हाकलतो तेव्हा तरी त्या आदरार्थी ‘व्हा’मध्ये आदर कुठे उरलेला असतो? ‘कोमेद’ची जात मात्र तिकडे अगदीच संपलेली नाही. ब्वेनोस आइरेसमध्ये मित्राला ‘खा’ म्हणताना ‘कोमे’ असेच म्हणतात, पण जोर शेवटच्या ‘मे’वर देतात: ‘कोमेद’मधला ‘द’ तेवढा गळाला आहे.