कायद्यात लिहिलेली तारीख

बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव ऐकू येतं आणि त्याच वेळी समोरच्या फलकावर ते उमटतं. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ही सोय बससेवेच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती कायद्याने बंधनकारक आहे. ती आली कशी, हे वाचताना मी थक्क झालो.

डेव्हिड लेपोफस्की हे टोरंटोतले दृष्टिहीन वकील. स्थानकाचं नाव कुणी पुकारलंच नाही तर उतरायचं कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. शहराच्या परिवहन सेवेविरुद्ध ते मानवाधिकार न्यायाधिकरणात गेले आणि २००५ मध्ये जिंकले. पण भुयारी रेल्वेपुरतेच. बस आणि ट्रामसाठी त्याच सेवेविरुद्ध पुन्हा लढावं लागलं. तो निकाल २००७ मध्ये लागला. हक्क एकच, लढाया दोन!

प्रत्येक पायरीसाठी, प्रत्येक दारासाठी ज्याची अडचण त्यानेच भांडायचं, ही रीतच उलटी करणारा कायदा २००५ मध्ये ऑन्टारियोच्या विधिमंडळाने एकमताने केला. त्यामागे लेपोफस्की आणि सहकाऱ्यांची कित्येक वर्षांची मोहीम होती. तक्रारीची वाट न बघता अडथळे शोधून काढायचे, आणि ते काम सरकारी कचेरीइतकंच खासगी दुकानदाराचंही. शिवाय मुदत ठरलेली: १ जानेवारी २०२५ पर्यंत अख्खा प्रांत दिव्यांगांसाठी सुगम. वीस वर्षं पुढची तारीख लिहून स्वतःला बांधून घेणारं सरकार मला विलक्षण वाटतं.

२०११ च्या नियमावलीत थांबे पुकारणं प्रांतभरच्या सार्वजनिक बससेवांना लागू झालं. २०१७ पासून ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, ऐकू येईल आणि वाचताही येईल असं करणं सक्तीचं झालं. म्हणजे बहिऱ्या प्रवाशाचीही सोय झाली.

२०२५ ची ती मुदत मात्र हुकली. डेव्हिड ऑनली हे प्रांताचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर. लहानपणी पोलिओ झालेला, स्कूटरवरून वावरणारे. कायद्याचा आढावा घेऊन २०१९ मध्येच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा प्रांत दिव्यांगांसाठी बहुतांशी सुगम झालेलाच नाही. कंपनीला दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण अंमलबजावणी ढिली. जुन्या इमारती तर बऱ्याच अंशी तशाच राहिल्या.

तरीही मुदत लिहिली हेच या कायद्याचं बळ, असं मला वाटतं. ती नसती तर सरकार चुकलं हे कोणत्या दिवशी म्हणायचं? नोव्हा स्कोशियाने २०१७ च्या आपल्या कायद्यात २०३० हे साल घातलं, आणि कॅनडाच्या २०१९ च्या राष्ट्रीय कायद्यात २०४० आलं.